हाराखालची जाळी

आमच्या वडगावातला परशराम पंचवीस वर्षं माग चालवून थकला आणि संकेश्वरजवळच्या बॅटरी यार्डात राखणीला लागला. घरात कमावता तो एकटाच. उन्हावर तयार झालेली वीज तिथं ट्रकएवढ्या लोखंडी पेट्यांत साठवतात. पेटी जास्त तापली की भोंगा वाजायचा. पण सुरुवातीला तो उगाचच इतक्यांदा वाजला, की यार्डाचे मॅनेजर रविराज साहेब यांनी त्याची वायरच काढायला लावली. परशराम नको म्हणाला, तर त्याला सगळे भित्रा म्हणू लागले. मग तो कानावरच भागवायचा. मागाच्या आवाजावरून धागा तुटल्याचं ओळखणाऱ्या माणसाला पेटीच्या पंख्याचं काय एवढं!

यंदा खंडेनवमीला यार्डात पूजा झाली. पेट्यांवरचे हुक पंख्याच्या हवेच्या जाळीच्या वरच होते, त्यामुळं झेंडूचे जाडजूड हार नेमके जाळीवर आले. नारळ फुटले, पेढे वाटून झाले. दुपारी तीन नंबरच्या पेटीचा पंखा घरघरू लागला. पडद्यावर तापमानाचा आकडा छप्पन, नेहमीपेक्षा कितीतरी वर. परशरामनं चपला काढल्या, हात जोडले आणि हार उतरवला.

"दसऱ्याच्या आधी हार काढतंय व्हय रं कोण?" कामगार धावून आले.

"पेटी गुदमरायलीया. पेटली तर आपण समदीच जळू."

"दरसाली हार घालतोय," रविराज म्हणाले. "कधी पेटलं का?"

संध्याकाळपर्यंत आकडा पस्तिसावर आला. काहीच घडलं नाही, आणि तेच परशरामला भोवलं. थोडा धूर निघाला असता तरी लोकांनी त्याचे पाय धरले असते. आता तो देवाचा हार काढणारा अपशकुनी ठरला. दसरा झाला आणि त्याला घरी बसायला सांगितलं. मला या लोकांचा भयंकर राग येतो. परशरामला रागही येत नाही, एवढा तो दमलाय.

शेवटच्या दिवशी नव्या राखणदाराच्या, भावकूच्या हातात किल्ल्या देताना त्यानं जाळी दाखवली.

"पुढच्या नवमीला एवढी मोकळी ठेव रं. पंख्याकडं कान असू दे."

"आवाज मलाबी कळतोय, अण्णा," भावकू खाली बघत म्हणाला. "पण हाराला मी हात लावणार न्हाय. तुमचं काय झालं, बघितलंय मी."