चिक्कीबरोबर गेलेली पानं

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचता येत नव्हतं, पण मला पुस्तकं पुरवली ती त्यांनीच. लोणावळ्यात एका चिक्कीवाल्याकडे ते गुळाचा पाक करायला होते. पुडे बांधायला तिथं रद्दीतली जुनी पुस्तकं यायची. पुठ्ठे आधीच उचकटलेले, आणि पानं फाडायची ती शेवटाकडून. उरलंसुरलं आबा अंगातल्या कोपरीत दडवून वलवणला घरी आणायचे. फुकटची लायब्ररीच म्हणा, फक्त शेवट नसलेली.

मी सातवी पास. मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण लग्न झालं आणि सासूबाईंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. शाळेचं नाव काढलं की म्हणायच्या, "हितं काय कमी हाय तुला?" खायला-प्यायला कमी नव्हतंच. जीव मात्र कोंडायचा. पावसाळ्यात तर चूल, धूर आणि मी.

त्यात एक कादंबरी हाती लागली. माझ्यासारखीच एक सून, घरात कोंडलेली. एका पहाटे ती गाठोडं घेऊन दाराच्या कडीला हात घालते, आणि तिथंच पानं संपली. पुढची कुण्या मुंबईवाल्याच्या चिक्कीबरोबर गेली. मेल्या चिक्कीवाल्याला दुसरं पुस्तक मिळालं नाही? मला जेवण गोड लागेना. शेवटी शेवट मीच रचला. ती गाडीत बसली, शिकली, मास्तरीण झाली. भात कांडताना जावेला तोच सांगायचे, आणि ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. सांगता सांगता मलाही तो खरा वाटायला लागला. सासूबाई करवादल्या की मनात म्हणायचे, बोला हवं तेवढं, एक तर सुटली.

परवा नातीनं मोबाईलवर तेच पुस्तक शोधून काढलं. नाव पानापानाच्या डोक्यावर छापलेलं असायचं, म्हणून मला पाठ. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं होतं, असं ती म्हणाली, कुणीही फुकट वाचावं. माझे डोळे अधू, म्हणून तीच वाचू लागली. गोष्ट कडीपाशी आली तशी मी पदर घट्ट धरून बसले.

त्या बाईनं कडी पुन्हा लावली. गाठोडं सोडलं, चूल पेटवली. सासू प्रसन्न झाली. समाप्त.

"बंद कर तो फोन," मी म्हणाले. "फुकट मिळतंय म्हणून काय पण वाचायचं का?"

नात गोंधळली. गोष्टच तर आहे, म्हणाली.

"गोष्ट कसली? मी राहिले ती राहिलेच. ती तरी गेली होती गं."