शनिवारी घाणा बंद

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जुन्या मुली कुणाच्या लग्नात भेटल्या की जेवणाच्या रांगेतच सुरू होतात. "ताई, तो किस्सा आठवतो?" एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि मागची माणसं ताटं घेऊन आमच्या पुढे निघून जातात. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलला एसटी स्टँडजवळ एका जिन्यावरच्या खोलीत बारा मशीन होती आणि मी तिथली इन्स्ट्रक्टर. दिवसभर अर्ज, नोटिसा आणि प्रतिज्ञापत्रं! पण आमचे सगळे भारी किस्से एकाच कादंबरीचे आहेत.

ती आणली रिबेकाबाईंनी. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, कॉटनची कडक इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. आमच्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. त्यांच्या पूर्वजांचा तेल गाळण्याचा धंदा. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी काम बंद ठेवायचे म्हणून गावातले लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बाईंनी पिशवीतून वह्या काढल्या. अलिबागकडच्या खेड्यातल्या तेल्याची मुलगी लीया, ती लहानाची मोठी कशी होते, याची ती कादंबरी.

मी सवयीने फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, मूळ गाव. बाई मूळ गावाच्या रकान्यापाशी थांबल्या, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "अहो, या एका रकान्यासाठीच तर तीनशे पानं लिहिलीयत!"

* * *

कादंबरी मुलींच्या हातात पडली आणि इन्स्टिट्यूटची शिस्तच गेली. पान कोण करणार यावरून भांडणं! ज्या दमयंतीला 'विनंती विशेष'च्या पुढे टाइप करायचा कंटाळा यायचा, ती सकाळी सातला जिन्यात हजर.

सुकापूरची वंदना तर सगळ्यांच्या वरताण. तिच्या घरची भातशेती, बोलणं अस्सल गावचं, आणि स्पीड आमच्यात सगळ्यात जास्त. एका शनिवारी मी तिच्यापुढे वही ठेवली तर तिने ती बाजूला सारली.

"ताई, आज लीयाचं पान नाय करनार आमी."

"का गं?"

"शनवार हाय ना! घाना बंद हाय!"

सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून शनिवारी आमच्याकडे फक्त अर्ज आणि नोटिसा. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं, मग चष्मा काढून त्या बराच वेळ पुसत बसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात तरी हल्ली कोण एवढं पाळतं!"

* * *

"बाई, हे सगळं खरंय का?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "कादंबरी आहे ती. काल्पनिक."

लीयाचा मोठा भाऊ एकोणिसाव्या वर्षी इस्रायलला जातो, पूर्वजांच्या देशात. तो आधी जाणार, मागून आई, बाबा आणि लीया. ते पान वंदनाने केलं. बैलगाडी वळणावरून दिसेनाशी होते, आई दारात उभी राहते, प्रकरण संपतं. पानं तपासताना बाई एकदम थबकल्या. शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. 'लीया खूप रडली.'

मी वंदनाकडे पाहिलं. तिची मान खाली. "भाव गेला तरी पोर रडंना, म्हनून मीच घातलं. माना नाय ऱ्हावलं."

लेखिकेच्या कादंबरीत स्वतःचं वाक्य घालायचं म्हणजे काय! मी पांढरी शाई शोधायला लागले. बाईंनी माझा हात धरला.

"राहू दे. रडले होते मी. लिहायचं राहून गेलं."

त्यानंतर खरं की खोटं हे कुणी विचारलं नाही.

* * *

मग आलं ते प्रकरण. भावाला जाऊन वर्ष होतं. आई रोज पोस्टमनला विचारते, "आमचे जायचे कागद आले का?" बाबा सांगतात, नाही आले. चौदा वर्षांची लीया पेंड साठवायच्या माळ्यावर चढते, तर तिथे एका डब्यात तिघांचेही कागद. मुदत संपलेले. बाबांनीच लपवलेले! ती कुणाला सांगत नाही. वाट बघता बघता आई वारते. लीया बाबांशी ते मरेपर्यंत धड बोलत नाही.

दमयंतीने ते टाइप केलं आणि पान शेजारणीकडे दिलं. तिने वाचून पुढे दिलं. ज्या मशीनपाशी पान जाई ते मशीन थांबे. बारावं मशीन थांबलं तेव्हा खाली स्टँडवरच्या कंडक्टरची घंटीही ऐकू यायला लागली. आतल्या खोलीतून इन्स्टिट्यूट चालवणारे आमचे सर धावत बाहेर आले.

"काय झालं? लाइट गेले?"

"सर," वंदना डोळे पुसत म्हणाली, "टाइपरायटरला लाइट लागत नाय!"

* * *

कादंबरी पूर्ण झाली तरी बाई ती प्रकाशकाकडे पाठवेनात. "माझा सॅमसनदादा इस्रायलहून यायचाय," म्हणाल्या. "बाबांनी काय केलं हे त्याला ठाऊक नाही. छापील पुस्तकातून कळण्यापेक्षा माझ्या देखत कळू दे. तो बाबांना शाप देईल, पण मी हे आता आणखी नाही सांभाळू शकत."

चाळीस वर्षांहून जास्त काळाने दादा पनवेलला आला आणि बाई त्याला थेट आमच्याकडे घेऊन आल्या. घरात दोघांनीच बसायचं धैर्य त्यांना नव्हतं. उंच, उन्हाने रापलेला म्हातारा. दारातून आत येताना त्याचा हात आपसूक चौकटीकडे गेला. त्यांच्या घरांच्या चौकटीला प्रार्थनेची नळी लावलेली असते, तिला हात लावून आत जायची त्यांची रीत. आमच्या चौकटीला नुसतंच कॅलेंडर होतं.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. इतकं स्वच्छ, जुन्या वळणाचं मराठी! सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या.

तो बाकावर बसून वाचायला लागला. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या. आम्ही मशीनवर बोटं ठेवून बसलो होतो, टाइप कुणीच करत नव्हतं. माळ्याचं प्रकरण आलं. त्याने ते वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"मला एक यंत्र मिळेल का?" त्याने विचारलं.

वंदनाने आपली खुर्ची दिली, कोरा कागद चढवला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तो टाइप करायला लागला. मध्येच ओळ संपल्याची घंटी वाजली तर दचकला. वंदनाने दांडी सरकवून पुढची ओळ लावून दिली. पाऊण तासाने त्याने कागद ओढून काढला आणि बहिणीच्या हातात दिला. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचलं.

'बाबांना तेव्हा पत्र मी लिहिले होते, ते असे. इथे तंबूत राहतो. खायला पुरत नाही. तुम्ही येऊ नका. आईला मात्र सांगू नका.'

बाईंनी फाइल उघडली, शेवटच्या पानामागे तो कागद नीट सारखा करून ठेवला.

"वंदना," त्या म्हणाल्या, "या पानाला नंबर टाक."