दोन्ही हातांवरची रोटी

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत रोटी ताटात वाढत नाहीत. दोन्ही तळहात एकत्र पुढे करायचे, मग ती हातांवर येते. काल शेजारची बाई तशी रोटी घेताना पाहिली आणि मला नव्या लग्नातली मी आठवले. "असे हात पसरायला मी भिकारीण आहे का?" असं ह्यांना फणकाऱ्याने सांगून त्या महाराणी पंगतीतून उठल्या होत्या आणि परभणी येईपर्यंत भुकेने कुरकुरत होत्या. हात दोन्ही धडधाकट होते, डोकं तेवढं कामातून गेलं होतं. इथे घेणारा बसलेला असतो आणि वाकतो तो वाढणारा, एवढंही दिसलं नव्हतं.

आता अर्धांगवायू झाल्यापासून माझा डावा हात उचलला जात नाही. वाढणारे सरदारजी समोर आले, तेव्हा उजवा पुढे करून मी ओशाळून म्हटलं, "भाऊ, एकच चालतो."

त्यांनी टोपली खाली ठेवली. माझा मांडीवरचा डावा हात उचलून उजव्याशेजारी आणला, खालून स्वतःच्या तळव्याचा आधार दिला आणि वर रोटी ठेवली.

"सावकाश, माई."

रोटी चांगलीच गरम होती. डाव्या हाताला ते जरा उशिरा कळलं, पण कळलं.