क्रुसापाशी अडकलेली लितानी

माझा आवाज मोठा, एवढ्याच गुणावर खोताच्या वाडीतल्या आम्हा कॅथलिकांनी मे महिन्यातली लितानी माझ्या गळ्यात घातली आहे. संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी सगळे जमतात, मी पवित्र मरियेची एकेक उपाधी म्हणतो, बाकीचे ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. गेल्या वर्षी माइक चालू ठेवूनच मी चणे कच्चे असल्याचं कुजबुजलो होतो. वाडी अजून हसते.

यंदा अशाच एका संध्याकाळी बायको परळला हॉस्पिटलात होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि पोटातली गाठ कसली ते त्यानंतरच कळणार होतं. महिनाभर मला प्रार्थनाच येईना. डोळे मिटले की वाटायचं, पलीकडे कुणी ऐकतंय तरी का? हे तिला सांगायची छाती नव्हती. तिनेच मला हाकललं, “इथे बसून माझं तोंड काय बघतोस? क्रुसापाशी जा.”

गेलो. पाठ आहे ते म्हणून टाकायचं ठरवलं. टेपरेकॉर्डर काय श्रद्धेने वाजतो? निम्म्यापर्यंत छान वाजलो. मग ‘आजाऱ्यांचं आरोग्य’ ही उपाधी आली. म्हटली, उत्तर आलं, आणि लहानपणापासून पाठ असलेली पुढची ओळ आठवेचना. म्हणून तीच पुन्हा म्हटली. पुन्हा उत्तर. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. आता हशा पिकणार म्हणून मी क्रुसावरच्या झेंडूच्या हाराकडे बघत उभा राहिलो. कुणी हसलं नाही. मी अडखळत तीच ओळ म्हणत राहिलो आणि दर वेळी उत्तर आलं, आधीपेक्षा मोठ्याने. समोरच्या गॅलरीतल्या करंदीकर काकांचेसुद्धा ओठ हलत होते, आणि ते तर गणपतीवाले.

मग माझी एकही चूक न सोडणाऱ्या शेजारच्या फिलोमावशींनी पुढची उपाधी हळूच उचलली, आणि सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून उत्तर गेलं. कित्येक दिवसांत मी प्रार्थनेत म्हटलेलं ते पहिलं खरं वाक्य. मी यायच्या आधीपासून तिथे कुणीतरी उभं आहे, ऐकत आहे, हे इतकं स्पष्ट जाणवलं की माझी मान आपोआप खाली गेली.

चणे देताना मावशी एवढंच म्हणाल्या, “उद्या आम्ही म्हणतो रे. तू नुसता तिच्याजवळ बस.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्याकडे शब्द नव्हतेच. माझ्या वाटचं वाडीत कुणीतरी म्हणत असेल, या भरवशावर मी भिंतीला टेकलो आणि चक्क झोपलो. डॉक्टरांनी हलवून उठवलं. गाठ साधी होती.

बायको आजही सगळ्यांना सांगते, माझं पोट फाडत होते तेव्हा हा घोरत होता. मीही हसतो. गाठ साधी निघाली त्याबद्दल देवाचे आभार मानतोच. पण ती कसली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याने मला दिलेली ती झोप आठवली की आजही हात जोडले जातात.