सटवाजीचा विसावा

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सटवाजी हमाल क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन असा चालायचा, जसं लग्नघरात कुणी पानाचं तबक फिरवावं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गंगाखेडकडच्या गावातलं त्याचं घर जाळलं गेलं, तेव्हा पेटवणाऱ्यांत कालपर्यंत रामराम घालणारेच होते. तेव्हापासून कुणी गोड बोललं की सटवाजी आधी त्याच्या हाताकडं बघायचा.

चौऱ्याऐंशी साली दिनकरराव नावाचे डॉक्टर मोंढ्यात आले. गोड बोलले. हातात सुई होती.

"हाडांच्या आत मगज असतो, त्यात मूळपेशी. नवं रक्त त्यांच्यापासूनच होतं. अंग मोडून मेहनत केली की त्यातल्या काही रक्तात उतरतात, थोड्या वेळानं पुन्हा कमी होतात. किती उतरतात ते मोजायचंय. शेतकी विद्यापीठातल्या पोरांचं रक्त पळण्याआधी आणि पळाल्यावर घेतलंय. आता तुमचं, ओझ्याआधी आणि ओझ्यानंतर."

"अन् अडत्याचं?" सटवाजीनं विचारलं.

"ते कुठं पोती उचलतात?"

"हे तेवढं खरं बोललात."

त्याची बायको कडूबाई तिथंच सांडलेली ज्वारी झाडत होती. ती म्हणाली, "आदी घर गेलं, आता रगत द्या. मंग कातडं मागायला येतील."

सटवाजीलाही शक होताच. पण पोरांचं घेतलं आणि हमालांनी हात मागं घेतला, असं कुणी म्हणू नये. त्यानं बाही वर केली.

"आज नाही, उद्या नऊ वाजता विसावा घेऊन या," डॉक्टरांनी बजावलं. पाच हमाल गेले, पाचही बौद्ध वस्तीतले. एक सुई टोचली, मग अर्धा तास पोती, मग दुसरी सुई. रक्त बर्फात घालून हैदराबादला गेलं. तिथल्या प्रयोगशाळेत ते काचेच्या वाट्यांत दोन आठवडे वाढवायचं आणि मूळपेशींपासून उगवलेले पुंजके मोजायचे.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर कागद घेऊन आले. तोंड उतरलेलं.

"काय लिवलंय? वाचा," सटवाजी म्हणाला.

"या वस्तीतल्या माणसांच्या रक्तात मेहनतीनं मूळपेशी वाढत नाहीत."

सटवाजी डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "या वस्तीतल्या? म्हंजे आमचं रगतच येगळं? गावात पाणी येगळं, मसनवटा येगळा, आता रगत बी येगळं काढलं का, डॉक्टर?"

"मी मोजलं तेच लिहिलं, सटवाजी."

"आकडे सांगा."

पोरांचे पुंजके आधी चार, नंतर अकरा. सटवाजीचे आधी दहा, नंतर अकरा; बाकी चौघांचेही तसेच.

जन्म तोलकाट्याशेजारी गेला होता त्याचा. माल टाकायच्या आधी रिकामा काटा बघावा लागतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"शेवटाला पोरं अन् मी सारखेच की. मंग माझे आदीच दहा कसे? सुईच्या आदी मी काय करायलो व्हतो, इचारलं का?"

"विसावा घेऊन या म्हणालो होतो ना?"

"घेतला की. एक बिडी."

"आणि बिडीच्या आधी?"

"आमी पाचांनी टरक खाली केला. माझ्या वाट्याला तीस पोती."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, विसावा म्हणजे तासभर बसणं! त्या पोत्यांनीच पेशी आधी रक्तात उतरल्या!"

"तासभर?" कडूबाई हसली. "ते झोपेत बी कूस बदलताना पोतं टाकल्यागत अंग टाकतेत."

अवसेला मोंढा बंद असायचा. त्या दिवशी पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. पण सटवाजीनं आधी हात दिला नाही, कागद मागितला.

"ती वस्तीची वळ खोडा. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी ती ओळ खोडली. मग सटवाजी बाकड्यावर बसला. दहा मिनिटांत उठला.

"बसा की!" कडूबाई ओरडली. "लाटसाहेबाचं बसणं मिळालंय, तेबी गोड लागंना!"

तासभर तो बसला, पाय हलवत, सुईवर नजर ठेवून. मग सुई, मग पोती, मग सुई.

तीन आठवड्यांनी डॉक्टर खुशीत आले. "आधी चार, नंतर अकरा! पोरांसारखेच! बाकी चौघांचंही तसंच."

सटवाजी हसला नाही. त्यानं नवा कागद डॉक्टरांच्या हातातून काढून कडूबाईसमोर धरला. रात्रीच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती.

कडूबाईनं आकड्यांवर बोट ठेवलं. "चार. अकरा."

"अन् ती वस्तीची वळ?"

तिनं कागद उलटून पालटून पाहिला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "न्हाई."

"परत एकदा बग," सटवाजी म्हणाला.