लाखांदूरच्या चकचकीत पट्ट्या

नागपूरहून सकाळची पॅसेंजर निघाली तेव्हा माझ्या मांडीवर मल्टिमीटरची पेटी होती आणि पिशवीत आईने दिलेला डबा. टेलिफोन खात्यात लागून मला सातच महिने झाले होते. एकटीने बाहेरगावी जायची ती पहिलीच वेळ.

समोरच्या बाकावरच्या बाई बराच वेळ पेटीकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "बाजाची पेटी हाये का व?"

"नाही," म्हणून मी खिडकीबाहेर बघू लागले. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझे शब्द अडायचे. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालेलं. घरी आईशी मराठी बोलायचे, पण ती घरापुरतीच, उंबऱ्याबाहेर पडली की बुजायची.

वरठीला उतरले. स्टेशनचं नाव भंडारा रोड आणि गाव वरठी, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. फाटकापाशी सायकलवाल्यांची गर्दी होती, त्यातून वाट काढत बस गाठली आणि भंडाऱ्याच्या ऑफिसात साहेबांपुढे उभी राहिले.

"लाखांदूरचं एक्स्चेंज गेला महिनाभर दर बाजाराच्या दिवशी बंद पडतंय," साहेब म्हणाले. "दोन जण बघून आले. म्हणे, पॉवर ठीक आहे. मग बंद का पडतं? तिथला तो श्यामराव काहीतरी घोळ घालतो. तुम्ही रिपोर्टमध्ये दोष कोणाचा ते स्पष्ट लिहा, म्हणजे मला त्याला तिथून हलवता येईल."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमायचं.

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली, लाखनी गेलं, साकोलीला गाडी बदलली. पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी बांध्यांचा (धानाच्या खाचरांचा). लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, उशिराचा भारी अजून हिरवा होता. मधेच एखादी बोडी (लहान तळं) लागायची आणि बसभर मासळीचा वास यायचा. कंडक्टरने मला लाखांदूरला जवळजवळ हाताला धरून उतरवलं. "फोनवाल्या मॅडम होय ना? श्यामरावजी दोन गाड्यांपासून उभे हायेत."

श्यामरावजी पन्नाशी ओलांडलेले, कृश, खाकी सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. पेटी माझ्या हातातून घेताना त्यांनी आधी स्वतःचे हात धोतराला पुसले. एक्स्चेंज म्हणजे कौलारू दोन खोल्या, मागे त्यांचं बिऱ्हाड. हे एक्स्चेंज उघडलं त्या दिवसापासून ते तिथेच होते. दारातच त्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

अशी खोली मी पुढेही कुठे पाहिली नाही. जमीन सारवलेली, स्विचच्या रॅकवर धुळीचा कण नाही. बॅटरीच्या खोलीत लाकडी घोडीवर काचेचे चोवीस सेल ओळीने मांडलेले, प्रत्येकावर वाळलेल्या कुंकवाचं बोट. एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्या तर लख्ख झळकत होत्या. भिंतीवर फ्रेममध्ये देखभालीचं इंग्रजी कार्ड, त्यालाही हळदकुंकू.

"छान ठेवलंय," मी म्हणाले. दिवसभरातलं माझं ते सगळ्यात लांब वाक्य.

श्यामरावजी हसले नाहीत. "लोक शिव्या देऊन राहिले, मॅडमजी. साहेब म्हनते माह्यी बदली करतो. मी पाप काय केलो तेच समजून नाई राहिलं."

संध्याकाळपर्यंत मी पुस्तकात शिकले होते त्या क्रमाने सगळं तपासलं. बाहेरून येणारी वीज ठीक. ती बॅटरीजोगी करून देणारा चार्जर ठीक. फ्यूज ठीक. चोवीसही सेल एकेक करून मोजले, सगळे भरलेले. आधीचे दोघं लिहून गेले होते तेच माझ्याही वहीत उतरलं.

पार्वताबाईंनी, म्हणजे श्यामरावजींच्या पत्नीने, मला जेवायला बसवलं. भाताचा ढीग, त्यात खळगा करून पातोड्यांचा रस्सा, वर मूठभर सांबार (कोथिंबीर). "खा ना व माय, एवढीशी काहून खातं? तुह्यी माय मले बोल लावन."

जेवताना लक्षात आलं की मी शांत वेळ बघून मोजत होते. एक्स्चेंज बंद पडतं ते गर्दीत. दोन-चार फोनांचं काम चार्जर एकटा निभावतो, पण सगळे एकदम बोलायला लागले की भार बॅटरीवर येतो. पण बाजार तर चार दिवसांवर होता.

"गर्दी पाहिजे," सकाळी मी श्यामरावजींना म्हणाले. "सगळे फोन एकाच वेळी."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि सायकल काढली. मीही मागोमाग चालत निघाले. गावात तीसेक फोन. दवाखाना, पोलीस ठाणं, किराणा, धानाची गिरणी. प्रत्येक दारात श्यामरावजी हात जोडून सांगत, "बरोब्बर बारा वाजता फोन उचला जी, आन् पाच मिनटं खाली ठेवू नोका."

गिरणीवाला पोत्यावर बसल्या बसल्या ओरडला, "एक महिना झाला, फोन लागत नाई. आता म्हनते उचलून कानाले लावा! बोलू कोनासंग, माह्या आजोबासंग?"

"तेयचा ट्रंककॉल बुक करून देतो," श्यामरावजी म्हणाले, आणि हमालांसकट सगळे हसले. मीही हसले. कोणी माझ्याकडे बघत नाही याची खात्री करून.

बाराला आम्ही बॅटरीच्या खोलीत. आधी रॅकमधून एक टकटक, मग दोन, मग पत्र्यावर गारा पडाव्या तसा कडकडाट. चाचणीच्या फोनवरचा डायल टोन कण्हत कण्हत खाली गेला. मी मीटरच्या तारा सेलवर न लावता एकेका पट्टीच्या दोन टोकांना लावत गेले. चांगल्या पट्टीवर काटा हलायलाच नको. पहिल्या सहांवर हलला नाही. सातव्या पट्टीवर त्याने उडी मारली. पुढे अकराव्या आणि एकोणिसाव्या पट्टीवरही.

सगळ्यांना फोन खाली ठेवायला सांगून आम्ही सातवीचा नट सोडला. वरून आरशासारखी पट्टी, नटाखाली हिरवट-पांढरी खपली.

"ह्या पट्ट्या राखाडी असतात ना?" मी विचारलं.

"होत्या जी. काळपटच होत्या. पावसाळ्यात साहेब तपासनीले आले तं म्हनले, पट्ट्या किती काळ्या पडल्या, साफ ठेवत जाय. मंग दसऱ्याच्या पूजेले घासल्या."

"मीच घासली," दारातून पार्वताबाई अभिमानाने म्हणाल्या. "चिचेनं आन् राखेनं. देवाची भांडी घासतो तशी. हे एकेक पट्टी खोलून देत, मी घासून देत."

"आन् पट्टी काढली का तिथं वायर जोडून ठेवो," श्यामरावजी म्हणाले. "एक मिनिट बी कोनाचा फोन बंद नाई पडू देलो."

मला सांगणं भाग होतं. ती काळपट दिसते ती शिशाची कातडी, मी म्हणाले. आतलं तांबं ॲसिडच्या वाफेपासून तीच वाचवते. ती घासून गेली, म्हणून नटाखाली ही खपली धरली. थोडी वीज तिच्यातून जाते, जास्त मागितली की अडते.

श्यामरावजी खाली बसले. "म्हंजे, मीच मारलो का याले?"

पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मी म्हणाले, "खायचा सोडा आहे का घरात?"

दुपारभर आम्ही तिघं त्या खोलीत होतो. सोड्याच्या पाण्याने खपल्या धुतल्या, नट आवळले, भंडाऱ्याच्या ऑफिसातून सुट्या सामानात आणलेल्या तीन नव्या राखाडी पट्ट्या बसवल्या आणि उरलेल्यांना किराणा दुकानातलं व्हॅसलीन फासलं. पार्वताबाई ते काम चकलीच्या साच्याला तेल लावावं तसं करत होत्या. पाचला पुन्हा सगळ्यांना फोन उचलायला लावले. कडकडाट झाला, पण डायल टोन जागचा हलला नाही. फोनमधून गिरणीवाल्याचा आवाज आला, "आजोबा म्हनते आयकू येऊन राहिलं!"

मग मी भिंतीवरचं कार्ड खाली घेतलं. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की शिशाचा लेप खरवडू नये. श्यामरावजी पंधरा वर्षं त्या ओळीवर रोज फडका मारत आले होते आणि ती त्यांना कोणीच वाचून दाखवली नव्हती. मी पुठ्ठा मागितला. इंग्रजी रिपोर्ट लिहायला मला अर्धा तास लागला, मराठी कार्डाला दोन तास. माझ्या पुस्तकी शब्दांवर श्यामरावजी मान हलवत, "हे नाई समजत जी," आणि मी पुन्हा लिही. शेवटी उतरलं: 'पट्टी काळी असंल तं काळीच राहू द्या. घासू नोका. व्हॅसलीन लावा.'

रिपोर्टही मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. दोष कोणाचा, या जागी लिहिलं होतं: तपासणीत मिळालेल्या सूचनेनुसार पट्ट्या घासल्या गेल्या, देखभालीचं कार्ड फक्त इंग्रजीत होतं.

"साहेबाचं नोका लिहू, मॅडमजी. तुमची नवी नोकरी."

"झालं ते लिहिलंय," मी म्हणाले. मी कागद बदलला नाही.

भंडाऱ्याला साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. मी स्वतः पाहिल्यात."

"त्या काळ्याच असायला हव्यात, सर."

त्यांनी पेनाचं टोपण काढून सही केली. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. परवा श्यामरावजींचं पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. लाखांदूरला नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं. कपाटाएवढं आहे, आवाज करत नाही, बॅटऱ्याही बंद डब्यातल्या. नव्या लोकांनी पुठ्ठ्याचं कार्ड काढायला घेतलं तेव्हा त्यांनी ते काढू दिलं नाही. पेन्शन पुढच्या महिन्यात. 'या मशीनले पुसाचं बी काई नाई, तं दिवस जात नाई.'

काढलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक पार्वताबाईंनी निरोप देताना माझ्या पिशवीत घातली होती. ती माझ्या टेबलावर असते. तेव्हा मधोमध लखलखायची, आता पार हिरवी-काळी पडली आहे. आईचा हात दर दसऱ्याला चिंचेकडे जातो. मी पट्टीला हळदकुंकू लावते, पण घासू देत नाही.