लूमसमोरचं इंग्रजी

"ओव्हर माय डेड बॉडी!" मी असा ओरडलो की ठाण्यापर्यंतच्या काचा तडकाव्यात, पण भिवंडीच्या त्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आज शिलाई मशीनला तेल घालताना लूमच्या तेलाचा तोच वास आला, आणि नव्वद सालचा तो संताप पुन्हा डोक्यात गेला. अकलोलीला बहिणीची हळद, आणि शेटने मला डबल शिफ्ट लावलेली! क्लासात शिकलेले नकाराचे झाडून सगळे इंग्रजी वाक्प्रचार मी त्याच्या तोंडावर फेकले. शेट मान डोलावत निघून गेला. हळद हुकली.

"एवढा विरोध केला, तरी ड्युटी लावलीच?" मी आमच्या कारखान्याच्या, शेलार गावच्या मुकादमाला विचारलं.

"नको असंल तर हितं लूम बंद करतात," तो म्हणाला. "तुझा चालूच व्हता."